सायलेन्सरला रंग द्या, पण पोटरी आणि छातीही सांभाळा

दसरा जवळ आला की सोलापुरातील मोटारसायकल दुरुस्तीच्या गाळ्यांमध्ये गर्दी वाढते. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, तेव्हा ती स्वच्छ व चकचकीत दिसावी, असे प्रत्येकाला वाटते. पावसाळ्यातल्या चिखलपाण्याने सर्वांत आधी गंजते ती इंजिनातून निघून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी. गॅरेजवाले तिला ‘बेंड पाइप’ म्हणतात. तिच्यावरचा मूळचा रंग उडतो, क्रोमचा मुलामा निळसर-पिवळा पडतो आणि मग मेस्त्री सांगतो, “हीटप्रूफ रंग मारून घ्या, नळी नव्यासारखी होईल.”

आरोग्याच्या सदरात हा रंगाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या नळीचा आपल्या आरोग्याशी निकटचा संबंध आहे. पहिला संबंध चटक्याचा. सायलेन्सरला पोटरी भाजून दवाखान्यात येणारे लोक बारमाही असतात आणि त्यांत लहान मुलेही असतात. दुसरा संबंध नळी घासून रंगवणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसाचा आणि तिसरा रंगवलेली नळी पहिल्यांदा तापते तेव्हा निघणाऱ्या धुराचा. या तिन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत, म्हणूनच त्यांची माहिती असणे आवश्यक आहे.

नळी किती तापते?

इंजिनात पेट्रोल जळाल्यावर बाहेर पडणारा वायू अत्यंत उष्ण असतो. इंजिनाच्या तोंडाशी त्याचे तापमान कित्येक शे अंश सेल्सिअस असते. त्यामुळे बेंड पाइप बाहेरूनही साधारणपणे २०० ते ४०० अंशांपर्यंत तापू शकते. गाडी घाटात किंवा ओझे घेऊन चालवली तर त्याहूनही अधिक. मागच्या सायलेन्सरचे तापमान त्या मानाने कमी असते, पण तेही हात लावण्याजोगे मुळीच नसते. उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंश असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल.

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘बीएस-सहा’ मानकाच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. या गाड्यांच्या धुराच्या मार्गात विषारी वायूंचे प्रमाण कमी करणारा ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ बसवलेला असतो. तो तापल्याशिवाय काम करीत नाही. म्हणजे नळी गरम असणे हा गाडीचा दोष नव्हे, तिच्या कामाचाच तो भाग आहे. ती थंड ठेवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा तिच्यापासून शरीर दूर ठेवणे हाच खरा उपाय ठरतो.

चटक्याचे गणित

त्वचा भाजण्यासाठी दोन गोष्टी लागतात, उष्णता आणि वेळ. अमेरिकेतील मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की ४४ अंश तापमानाची वस्तू त्वचेला भाजायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना मात्र पाचेक सेकंद पुरतात आणि ७० अंशांना एक सेकंदही लागत नाही. बेंड पाइपचे तापमान याच्या कितीतरी पुढचे असते. म्हणजे पाय चटकन मागे घेतला तरी चटका बसून गेलेला असतो. तापलेल्या धातूचा हा चटका पुष्कळदा खोलवर जातो. वरून जखम रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढी दिसते, पण ती भरायला कित्येक आठवडे लागतात. काही वेळा दुसरीकडची त्वचा काढून तिथे बसवावी लागते आणि कायमचा व्रण राहतो.

हा चटका बहुधा उजव्या पायाच्या पोटरीला, आतल्या बाजूने बसतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. मागे बसणाऱ्या स्त्रिया एका बाजूला पाय सोडून डावीकडे बसतात, त्यांना त्यामुळे संरक्षण मिळते. पण कोणी घाईने उजवीकडून चढले-उतरले, की पाय थेट नळीवर जातो. लहान मुलांना हा धोका अधिक असतो, कारण त्यांचे पाय पायटेकूपर्यंत पोहोचत नाहीत. ते चढताना सायलेन्सरवरच पाय देतात, किंवा उभ्या गाडीशी खेळताना त्याला हात लावतात. शिवाय मुलांची त्वचा पातळ असल्याने तीच नळी त्यांना अधिक खोल भाजते.

उभ्या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. साइड स्टँडवर लावलेली गाडी डावीकडे कलते, त्यामुळे तिची उजवी, म्हणजे सायलेन्सरची बाजू वर उचलली जाऊन बाहेर येते. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर, आषाढीला पंढरपुरात किंवा नवी पेठेत सणाच्या खरेदीच्या वेळी गाड्यांच्या दाट रांगांमधून वाट काढताना नेमकी हीच बाजू पायाला लागते. गाडी बंद केल्यानंतर निदान अर्धा तास तरी नळी गरम आहे असेच समजून वागावे. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे गेल्यावर उन्हात उभ्या गाडीच्या बाबतीत ही काळजी आणखी वाढवावी.

ग्रीसमध्ये अशा भाजलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला व तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुचवलेले उपाय अगदी साधे आहेत. लांब पँट घालावी, आखूड चड्डी घालून गाडीवर बसू नये, उतरल्यावर गाडीपासून अंतर ठेवावे आणि नळीवर उष्णतारोधक आवरण असावे. यात एक भर आपल्याकडची घालावी लागेल. नायलॉन, टेरिलिनचे कापड तापल्यावर वितळते व कातडीला चिकटते. सुती कापड त्या मानाने बरे. सोलापूरकरांना सुताचे महत्त्व वेगळे सांगायला नकोच.

कोणता रंग टिकतो?

नेहमीचा ऑइल पेंट बेंड पाइपवर टिकत नाही. तो पहिल्याच फेरीत जळतो, धूर सोडतो आणि पापुद्रे धरून गळतो. लोखंडी खिडक्यांना करतात ते साधे पावडर कोटिंगही इथे कामाचे नाही. ती पावडर २०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत पक्की होते आणि बेंड पाइप त्याहून अधिक तापते.

टिकतो तो सिलिकॉन राळेत अ‍ॅल्युमिनियमची पूड किंवा काळे रंगद्रव्य मिसळून केलेला उष्णतारोधक रंग. चिमण्या आणि बॉयलरसाठी तो पूर्वीपासून वापरात आहे. तो किती अंश सहन करतो हे डब्यावर छापलेले असते. बेंड पाइपसाठी ६०० अंशांचा रंग मागावा. या रंगाला गंज आणि तेल मुळीच चालत नाही, म्हणून नळी आधी लख्ख धातू दिसेपर्यंत साफ करावी लागते. थर पातळ द्यावा लागतो. जाड थर तापल्यावर फुगतो व सुटतो. आणि हवेत वाळला तरी हा रंग पक्का होत नाही. साधारण २०० अंशांच्या आसपास तासभर तापल्यावरच तो नळीला धरून बसतो. यापुढचा, अधिक खर्चाचा प्रकार सिरॅमिक कोटिंगचा. ते केसापेक्षाही पातळ असते व भट्टीत पक्के केले जाते.

नव्या गाड्यांच्या धुराच्या मार्गावर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. तो काढून ठेवल्याखेरीज नळी घासायला किंवा रंगवायला देऊ नये.

रंगाने चटका कमी होतो का?

या प्रश्नावर गैरसमज फार आहे. ‘हीटप्रूफ’ या शब्दाचा अर्थ लोक ‘नळी आता गरम होणार नाही’ असा घेतात. वास्तविक अर्थ एवढाच, की उष्णतेने रंग खराब होणार नाही. नळी पूर्वीइतकीच तापते. रंग नळीला गंजापासून वाचवतो. माणसाला वाचवण्याची ताकद त्यात नाही.

सिरॅमिक कोटिंगने बाहेरची उष्णता काहीशी कमी होते हे खरे. पण समजा ३०० अंशांचे २०० झाले, तरी त्वचेला त्याचा काय उपयोग? ७० अंशांना जिथे एक सेकंद लागत नाही, तिथे २०० आणि ३०० सारखेच. उलट नळी नवीन, स्वच्छ दिसते म्हणून माणूस बेसावध होतो. गंजलेल्या नळीपासून आपण सहज लांब राहतो. चकचकीत नळीला मूल कौतुकाने हात लावते.

काही हौशी तरुण नळीला काचतंतूची पट्टी गुंडाळतात. तिने बाहेरची उष्णता कमी होते, पण पट्टी गुंडाळताना काचेचे बारीक तंतू हातात रुततात, खाज सुटते आणि डोळ्यांत गेले तर त्रास होतो. हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय ते काम करू नये. जुन्या भट्ट्यांवरची अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी मात्र कोणी दिली तरी घेऊ नये. तिची धूळ छातीत गेल्यास वर्षानुवर्षांनी फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

चटक्यापासून खरे संरक्षण देते ती नळीवर व सायलेन्सरवर बसवलेली पत्र्याची जाळी किंवा गार्ड. ती आणि तापलेला धातू यांच्यात हवेची पोकळी राहते, म्हणून तिचा पृष्ठभाग त्या मानाने कमी तापतो. रंगकामासाठी ही जाळी काढावी लागते आणि घोटाळा होतो तो इथेच. कधी तिचा स्क्रू हरवतो, कधी जाळी गंजलेली म्हणून फेकून दिली जाते, तर कधी ‘जाळीशिवाय रंग उठून दिसतो’ म्हणून गाडीचा मालकच ती लावू देत नाही. गाडी ताब्यात घेताना रंगाची चमक नंतर पाहावी, जाळी घट्ट बसली आहे ना हे आधी पाहावे. मागच्या चाकात साडी-ओढणी अडकू नये म्हणून असलेला गार्डही त्याच वेळी तपासावा. चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे असे साधन केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार आवश्यक आहे.

रंगवणाऱ्याची छाती

आपली नळी दोन दिवसांत तयार होऊन येते. ती तयार करणारा कारागीर मात्र रोज अशा कितीतरी वस्तू घासत असतो. गंज काढण्याची सर्वांत जलद पद्धत म्हणजे सँड ब्लास्टिंग, म्हणजेच हवेच्या दाबाने वाळूचा फवारा मारणे. वाळू धातूवर आपटून फुटते आणि तिची अतिशय बारीक धूळ उडते. ही धूळ केसाच्या जाडीच्या दहाव्या हिस्स्याहूनही बारीक असते, डोळ्यांना दिसत नाही आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. वाळूतल्या सिलिकेमुळे तिथे गाठी व व्रण तयार होतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात.

हा रोग सुरुवातीला गप्प असतो. मग चढताना दम लागतो, कोरडा खोकला सुरू होतो, वजन उतरते. लक्षणे क्षयासारखी असल्याने पुष्कळांवर क्षयाचेच उपचार चालतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यताही वाढते. फुप्फुसाचे झालेले नुकसान भरून काढणारे औषध आजही नाही. म्हणून खोकला घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्या कारागिराने आपला धंदा काय, हे न विचारताही सांगावे. छातीच्या एक्स-रेचा अर्थ त्यामुळे बदलू शकतो.

ब्रिटनमध्ये ओतीव वस्तू साफ करण्यासाठी वाळूचा फवारा वापरण्यास १९४९ च्या नियमांनी बंदी आली. तुर्कस्तानात जीनच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी वाळूचा फवारा मारणाऱ्या तरुण कामगारांना मोठ्या संख्येने सिलिकोसिस झाला आणि २००९ मध्ये तिथे ती पद्धत बंद करावी लागली. आपल्या देशातही १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसला नोंद सक्तीच्या रोगांच्या यादीत घातले होते. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा रोगही त्याच यादीत होता. गिरण्यांच्या या गावाला तंतूंच्या धुळीने छाती कशी भरते हे नव्याने सांगावे लागत नाही. वाळूची धूळ त्याहूनही अधिक घातक आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. मोठ्या कारखान्यात तपासणी होऊ शकते. दोन-तीन माणसांच्या गाळ्यात काळजी घेणारे कोणी नसते, ती मालकाने आणि गिऱ्हाइकानेच घ्यावी लागते.

यावर उपाय आहेत. वाळूऐवजी पोलादी कण, काचेचे मणी किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वापरता येते. बेंड पाइपसारखी लहान वस्तू बंद पेटीत ठेवून, बाहेरून हातमोज्यांत हात घालून साफ करता येते. ही सोय नसेल तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हाताने घासावे. वेळ लागतो, पण धूळ उडत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. निदान एन-९५ प्रकारचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा.

रंगाच्या फवाऱ्याच्या वेळी थिनरची वाफ उडते. तिने डोके दुखते, गरगरते, मळमळते. वाफेला एन-९५ मास्कही अडवत नाही. त्यासाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. रंगकाम उघड्या, वाऱ्याच्या जागी करावे आणि जवळ बिडी-सिगारेट पेटवू नये. ज्यांना रंगाऐवजी क्रोमचा मुलामा हवा असतो त्यांनी एवढे जाणावे, की क्रोमच्या टाकीवरच्या वाफाऱ्याने कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडते, हातांना व्रण होतात आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टाकीवर वाफ ओढून घेणारा पंखा नसेल तर तिथे काम देऊ नये. गाळ्यात लहान मुलगा हे काम करताना दिसला तर तिथेही आपली नळी देऊ नये.

पहिला धूर

रंगवलेली नळी बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू केले, की नळीतून पांढरट धूर व उग्र वास येतो. रंगातली राळ पक्की होत असल्याचे ते लक्षण आहे, घाबरण्याचे कारण नाही. मात्र हे काम घराच्या पडवीत, बोळात किंवा दार लावलेल्या शेडमध्ये करू नये. दम्याचे रुग्ण, लहान मुले व गरोदर स्त्रिया यांनी त्या वेळी लांब राहावे.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायूही असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची पहिली लक्षणे. असे वाटताच इंजिन बंद करून मोकळ्या हवेत यावे.

चटका बसलाच तर

पहिला उपचार पाणी. भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या थंड पाण्याखाली धरावा आणि पूर्ण वीस मिनिटे धरावा. दोन मिनिटांत आग थांबली असे वाटते, पण त्वचेच्या आतली उष्णता अजून पसरत असते. चटका बसल्यापासून तीन तासांच्या आत केव्हाही पाणी सोडले तरी त्याचा फायदा होतो.

आपल्याकडे दोन अडचणी येतात. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून गरमच येते. ते वापरू नये. माठातले किंवा रांजणातले पाणी घ्यावे. पाण्याची टंचाई असेल तर स्वच्छ घमेल्यात पाय ठेवून तांब्याने पाणी सोडत राहावे व घमेल्यातलेच पाणी पुन्हा वापरावे. बर्फ मात्र लावू नये. त्याने त्या जागचा रक्तपुरवठा कमी होऊन इजा वाढते.

पैंजण, पायातले कडे, घट्ट मोजे सूज येण्याआधी काढावेत. कापड कातडीला चिकटले असेल तर ओढू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, दही, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. त्याने उष्णता आत कोंडते, जंतू शिरतात आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. फोड फोडू नयेत. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने जखम सैल झाकावी. मलम डॉक्टरांनी जखम पाहिल्यावरच लावावे.

पुढील बाबतीत घरी थांबू नये. रुग्ण लहान मूल, वृद्ध किंवा मधुमेही असेल, जखम रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल, ती घोटा किंवा गुडघ्याच्या सांध्यावर असेल, अथवा जागा पांढरी किंवा काळी पडून दुखत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलला जावे. न दुखणारा चटका हलका समजू नये. तिथल्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. मधुमेह्यांच्या पायाला तर मुळातच संवेदना कमी असते, त्यांना चटका बसल्याचे कळतही नाही. त्यांनी लांबच्या प्रवासानंतर पाय डोळ्यांनी तपासावेत. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना सांगावे. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर पुन्हा दाखवावे आणि भरलेली जागा काही महिने उन्हापासून झाकून ठेवावी.

ध्यानात ठेवा

हीटप्रूफ रंग नळीला वाचवतो, पायाला नाही. गाडी घेताना जाळी परत बसवली का ते पाहा. मुलांना नेहमी डाव्या बाजूनेच चढ-उतार करायला शिकवा. वाळूच्या फवाऱ्याऐवजी दुसरी पद्धत आहे का, हे मेस्त्रीला विचारा. थोडे पैसे अधिक गेले तरी चालतील. पहिल्यांदा इंजिन उघड्यावरच तापवा. आणि चटका बसला तर आधी वीस मिनिटे पाणी, बाकी सारे त्यानंतर. दसऱ्याला गाडीला हार घालताना घरातल्या मुलांना ही जाळी दाखवून ती कशासाठी आहे ते सांगितले, तर या लेखाचा उद्देश सफल होईल.